काढता न येणारा एक्सप्लोरर

वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात १९ डिसेंबर १९९७ रोजी न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टच्या वकिलांना एक बातमी दिली. न्यायालयातल्या एका संगणकावर त्यांनी विंडोज ९५ मधून इंटरनेट एक्सप्लोरर काढून टाकवला होता. नव्वद सेकंदही लागले नाहीत, आणि विंडोज त्यानंतरही बिनतक्रार चालत राहिलं. आठच दिवसांपूर्वी याच न्यायाधीशांनी अंतरिम हुकूम काढला होता, की विंडोज हवं असेल तर एक्सप्लोररही घ्यावाच लागेल अशी सक्ती संगणक बनवणाऱ्या कंपन्यांवर करू नका. त्यावर मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं पडलं, की एक्सप्लोरर काढला तर विंडोज सुरूच होणार नाही. आता न्यायाधीशांनीच तो काढून दाखवला म्हटल्यावर वकिलांनी काय बोलायचं?

वकील बोललेच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की महाराज, तुम्ही एक्सप्लोरर काढलेला नाही. तुम्ही फक्त त्याच्याकडे जायचा रस्ता बंद केलात, माल सगळा डिस्कवर जागच्या जागीच आहे.

तांत्रिकदृष्ट्या हे खरं होतं. न्यायाधीश म्हणत होते तेही खरं होतं. पुढची जवळजवळ चार वर्षं अमेरिकेतले नामांकित वकील, प्रोफेसर आणि प्रोग्रॅमर या एका मुद्द्यावर भांडत राहिले, की संगणकावरून प्रोग्रॅम 'काढला' असं नेमकं कधी म्हणायचं आणि ते कोणी ठरवायचं.

त्याआधी हा प्रश्न कोणाला पडायचं कारणच नव्हतं. डॉसच्या काळात प्रोग्रॅम म्हणजे एक डिरेक्टरी. फ्लॉपीवरून वर्डस्टार हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा, नको झाला की ती डिरेक्टरी उडवायची. डॉस ६ बरोबर 'डेलट्री' ही आज्ञा आली आणि ते कामही एका ओळीत होऊ लागलं. एखादा आगाऊ प्रोग्रॅम 'ऑटोएक्झेक' किंवा 'कॉन्फिग' फाइलमध्ये आपली ओळ घुसवून ठेवायचा, ती तेवढी हातानं खोडावी लागे.

विंडोज ३.१ नं ही साधी व्यवस्था मोडली. प्रोग्रॅम आपली मुख्य फाइल आपल्या घरात ठेवी, पण डीएलएल नावाच्या मदतनीस फाइली थेट विंडोजच्या 'सिस्टिम' डिरेक्टरीत टाकून देई आणि 'विन डॉट आयएनआय'मध्ये आपल्या चार ओळी खरडून जाई. इन्स्टॉल करायला 'सेटअप' होता, पण उलट दिशेनं जायला काहीच नव्हतं. प्रोग्रॅमची डिरेक्टरी उडवली तरी त्याची पिलावळ सिस्टिममध्ये तशीच राही, आणि कोणती फाइल कोणाची हे ओळखायला मार्ग नसे. या घाणीवर धंदाही उभा राहिला. मायक्रोहेल्प कंपनीचा 'अनइन्स्टॉलर' आणि नंतर क्वार्टरडेकचा 'क्लीनस्वीप' हे प्रोग्रॅम केवळ दुसरे प्रोग्रॅम काढण्यासाठी विकत मिळत. आपल्याकडे यावर एकच जालीम उपाय चाले. संगणक मंद झाला की गल्लीतला हार्डवेअरवाला यायचा, 'फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकून देतो' म्हणायचा आणि जाताना निम्म्या फाइली घेऊन जायचा.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं. ज्यांच्याकडे सीडी ड्राइव्ह नव्हता, त्यांच्यासाठी ते तेरा फ्लॉप्यांवर मिळे. नेहमीच्या फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतात, पण मायक्रोसॉफ्टनं खास पद्धतीनं फॉरमॅट करून एकेका फ्लॉपीत १.६८ मेगाबाइट कोंबले होते, म्हणून तेरात भागलं. एकामागून एक फ्लॉपी घालत बसायचं आणि अकराव्या फ्लॉपीला ड्राइव्ह घरघरला की देवाचं नाव घ्यायचं, हा अनुभव त्या पिढीला नवा नाही.

याच विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलात 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' ही खिडकी पहिल्यांदा आली. तिच्यामागची योजना चांगली होती. प्रत्येक प्रोग्रॅमनं इन्स्टॉल होताना विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत ठरलेल्या जागी आपली नोंद करायची आणि आपल्याला काढायचं असेल तर कोणती आज्ञा चालवावी हेही तिथंच लिहून ठेवायचं. खिडकीत दिसणारी यादी म्हणजे या नोंदी. कोणी कंपनी नोंद करायला टाळाटाळ करू नये म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक चापही लावला होता. खोक्यावर 'विंडोज ९५ साठी बनवलेला' हे बोधचिन्ह छापायचं असेल, तर प्रोग्रॅमला स्वतःला पूर्ण काढून टाकण्याची सोय असलीच पाहिजे. आलेल्या पाहुण्याला परतीची वाट ठाऊक असावी हा नियम मायक्रोसॉफ्टनंच घातलेला होता, हे पुढची हकीकत वाचताना ध्यानात ठेवावं.

अडचण होती ती सामायिक फाइलींची. दोन प्रोग्रॅम एकच डीएलएल वापरत असतील तर पहिला काढताना ती ठेवायची की उडवायची? सख्ख्या भावांच्या दोन घरांमधली सामायिक भिंत एकानं घर पाडताना पाडावी का, तसला हा वाद. विंडोजनं त्यासाठी हिशेब ठेवायला सुरुवात केली: या फाइलीचे वापरकर्ते किती, एक गेला की एक वजा. आकडा शून्यावर आला की पडद्यावर प्रश्न येई, ही फाइल आता कोणी वापरत नसावी, काढू का? खाली बटणं असत, 'यस', 'यस टू ऑल', 'नो', 'नो टू ऑल'. कोणाची छाती झाली नाही 'यस टू ऑल' दाबायची. ज्यांची झाली, त्यांनी दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाल्याला बोलावलं.

विंडोज ९५ च्या पंधरा दिवस आधी, ९ ऑगस्टला, अमेरिकेत आणखी एक घटना घडली होती. नेटस्केप ही जेमतेम सव्वा वर्षाची कंपनी शेअर बाजारात उतरली. २८ डॉलरला देऊ केलेला शेअर पहिल्याच दिवशी ५८ च्या वर बंद झाला. जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांच्या या कंपनीचा मुख्य माल होता वेबपानं दाखवणारा ब्राउझर, 'नॅव्हिगेटर'. तो विंडोजवर चालायचा, मॅकवर चालायचा, युनिक्सवरही चालायचा, आणि मायक्रोसॉफ्टला टोचलं ते नेमकं इथंच. उद्या लोकांनी सगळी कामं ब्राउझरातच करायला सुरुवात केली, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याची फिकीर कोण करील? बिल गेट्स यांनी २६ मे १९९५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना इंटरनेटच्या लाटेविषयी लांबलचक टिपण लिहिलं, त्यात ही धास्ती स्पष्ट दिसते.

मायक्रोसॉफ्टजवळ स्वतःचा ब्राउझर नव्हता. स्पायग्लास कंपनीकडून मोझेइक या ब्राउझरच्या संहितेचा परवाना घेऊन घाईघाईनं इंटरनेट एक्सप्लोरर उभा केला गेला. पहिली आवृत्ती 'प्लस' नावाच्या वेगळ्या पाकिटातून विकली गेली, म्हणजे जन्मतः तो विंडोजचा अवयव नव्हता. पुढं तो फुकट झाला आणि नव्या संगणकांवर विंडोजबरोबरच येऊ लागला.

कायद्याचा धागा इथं जोडला जातो. मक्तेदारीच्या जुन्या तक्रारीत मायक्रोसॉफ्टनं १९९४ साली सरकारशी तडजोड केली होती. विंडोजचा परवाना देताना दुसरं उत्पादन घेण्याची अट घालणार नाही, असं त्यात कबूल केलेलं होतं. मात्र 'एकात्मिक उत्पादनं' बनवायला या कलमाची आडकाठी राहणार नाही, अशी पुस्तीही जोडलेली होती. या तडजोडीवर न्यायालयाची मोहोर उठली २१ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ बाजारात यायच्या बरोबर तीन दिवस आधी. मोहोर उठवणारे न्यायाधीश होते जॅक्सन. त्या एका पुस्तीनं किती वकिलांची घरं बांधून दिली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

बाहेर बाजारात काय चाललं होतं हे कॉम्पॅकच्या प्रकरणावरून कळतं. कॉम्पॅक ही तेव्हाची सर्वांत मोठी पीसी कंपनी. तिनं प्रेसारिओ संगणकांच्या डेस्कटॉपवरून एक्सप्लोररचं चिन्ह उचललं आणि नेटस्केपचं ठेवलं. फाइली काढल्या नव्हत्या, फक्त चिन्ह. ३१ मे १९९६ रोजी मायक्रोसॉफ्टचं पत्र गेलं: चिन्ह परत ठेवा, नाहीतर विंडोज ९५ चा परवाना रद्द होईल. विंडोजशिवाय पीसी विकणं म्हणजे धंदा गुंडाळणं. कॉम्पॅकनं चिन्ह परत ठेवलं.

पण चिन्हांची राखण किती दिवस करणार? १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचे वरिष्ठ अधिकारी जिम ऑल्चिन यांनी सहकाऱ्यांना लिहिलं, की नेटस्केप जे करील त्याची नक्कल करत बसलो तर एक्सप्लोरर कसा जिंकणार ते मला समजत नाही, आपण विंडोजचा जोर लावला पाहिजे. हे पत्र नंतर खटल्यात पुरावा म्हणून आलं. जोर लावायचा म्हणजे ब्राउझर विंडोजमध्ये असा मुरवायचा, की वेगळा काढायची कोणाला सोयच उरू नये.

३० सप्टेंबर १९९७ ला एक्सप्लोरर ४ आला. हा नुसता ब्राउझर नव्हता. फोल्डर उघडायची खिडकी आणि वेबपान उघडायची खिडकी त्यानं एकच करून टाकली. सॅन फ्रान्सिस्कोतला समारंभ आटोपल्यावर मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी रातोरात निळ्या 'ई'ची एक प्रचंड प्रतिकृती नेटस्केपच्या कचेरीसमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवली. सकाळी नेटस्केपवाल्यांनी ती आडवी पाडली आणि तिच्यावर आपला मोझिला डायनासोर उभा केला, हातात दोन्ही कंपन्यांच्या वाट्याचे आकडे लिहिलेली पाटी देऊन: नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. कॉलेजच्या पोरांना शोभणारे हे चाळे अब्जावधींच्या कंपन्या करत होत्या. तीन आठवड्यांनी, २० ऑक्टोबरला, अमेरिकेचं न्याय खातं जॅक्सन यांच्याकडे गेलं. मायक्रोसॉफ्टनं तडजोड मोडली आहे, रोज दहा लाख डॉलर दंड लावा, अशी मागणी होती.

दंड लागला नाही, पण ११ डिसेंबरचा अंतरिम हुकूम निघाला. मायक्रोसॉफ्टनं त्याचं पालन ज्या रीतीनं केलं, त्याला तोड नाही. संगणक कंपन्यांना सांगण्यात आलं, एक्सप्लोरर नको असेल तर दोन वर्षांपूर्वीचं मूळ विंडोज ९५ घ्या, किंवा चालू आवृत्तीतून एक्सप्लोररच्या झाडून सगळ्या फाइली काढून देतो ती घ्या. ती सुरू होणार नाही, पण हुकुमात तसंच म्हटलं आहे. हुकुमाचा शब्द पाळून न्यायाधीशाला तोंडघशी पाडण्याचा हा प्रकार होता, आणि नव्वद सेकंदांचा प्रयोग हे त्यावरचं उत्तर. जानेवारीत कंपनीचे अधिकारी डेव्हिड कोल साक्षीला उभे राहिले, तेव्हा जॅक्सन यांनी विचारलं, न चालणारी वस्तू विका असा हुकूम मी दिला, असं तुम्हाला खरंच वाटलं का? कोल यांनी, हो, तसंच वाटलं, अशा अर्थाचं उत्तर दिलं. भर कोर्टात असं उत्तर द्यायला वेगळ्याच जातीचा आत्मविश्वास लागतो.

याच सुमारास एक उपकथानक रंगलं. तांत्रिक बाबी समजून घेण्यासाठी न्यायालयानं हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांची नेमणूक केली होती. मायक्रोसॉफ्टनं त्यांचं एक जुनं ई-पत्र बाहेर काढलं. एका स्पर्धेत भाग घेण्यासाठी लेसिग यांनी आपल्या मॅकवर एक्सप्लोरर टाकला होता, आणि त्यापायी नेटस्केपमधल्या त्यांच्या जपलेल्या खुणांचा गोंधळ उडाला होता. ही तक्रार त्यांनी नेटस्केपमधल्या एका ओळखीच्या माणसाला चिडून, थोड्या विनोदानं लिहिली होती. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, बघा, हे पूर्वग्रहदूषित आहेत. फेब्रुवारी १९९८ मध्ये अपील न्यायालयानं त्यांचं काम थांबवलं. इन्स्टॉल केल्यावर मनस्ताप झाला म्हणून कोणाला अपात्र ठरवायचं, तर त्या काळी पात्र माणूस सापडणं कठीण गेलं असतं.

२२ जानेवारी १९९८ ला तात्पुरता समेट झाला. त्यातली भाषा बारकाईनं पाहण्याजोगी आहे. एक्सप्लोररची तिसरी आवृत्ती असेल तर कंपन्यांनी अ‍ॅड/रिमूव्ह चालवावं. चौथी असेल तर डेस्कटॉपवरचं चिन्ह आणि स्टार्ट मेन्यूतलं नाव काढावं, आणि 'आयएक्सप्लोर डॉट ईएक्सई' या फाइलीवर 'हिडन'ची खूण करावी. म्हणजे अमेरिकेचं सरकार आणि जगातली सर्वांत बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनी यांच्यातला करार शेवटी एका छोट्या फाइलीच्या गुणधर्मावर येऊन टेकला. उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, हिडन.

ती फाइल खरोखरच नावापुरती होती. वेबपान रंगवणारं खरं यंत्र 'एमएसएचटीएमएल' या डीएलएलमध्ये, त्याला खिडकीत बसवणारं 'एसएचडीओसीव्हीडब्ल्यू'मध्ये, नेटवरून माल आणणारं आणखी तिसरीकडे. ही यंत्रं दुसरे प्रोग्रॅमही वापरत होते, विंडोजची मदतपुस्तिकासुद्धा. एकच काम पाच ठिकाणी पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदा लिहून सर्वांना वापरू देणं हे चांगल्या प्रोग्रॅमरचं लक्षणच आहे. इथवर मायक्रोसॉफ्टची बाजू मला पटते. पुढं मात्र खटल्यात असं निष्पन्न झालं, की फक्त ब्राउझिंगला लागणारी संहिताही मुद्दाम त्याच फाइलींत कालवण्यात आली होती ज्यांच्यावाचून विंडोज चालू शकत नाही. कोणी एक्सप्लोरर समजून ती फाइल उडवली, तर विंडोजच आडवं व्हावं.

विंडोज ९८ अमेरिकेत २५ जून १९९८ ला विक्रीला आलं. त्याच्या अ‍ॅड/रिमूव्हच्या यादीत एक्सप्लोररचं नाव नव्हतं. विंडोज ९५ च्या काळात हे नाव तिथं दिसायचं, त्याच्याच बळावर तर जॅक्सन यांचा प्रयोग झाला होता. न्यायाधीशांनी दाबलेलं बटणच कंपनीनं काढून टाकलं. दोनच दिवस आधी, २३ जूनला, अपील न्यायालयानं जॅक्सन यांचा डिसेंबरचा हुकूम दोन विरुद्ध एक मतानं उलटवला होता. एकत्र करण्यात काही फायदा असल्याचं कंपनी पटण्याजोगं सांगत असेल तर सॉफ्टवेअर कसं रचावं यात न्यायालयांनी पडू नये, असा त्या निकालाचा रोख होता.

पण तोवर मोठा खटला दाखल झालेला होता. १८ मे १९९८ रोजी न्याय खातं आणि २० राज्यं, शिवाय कोलंबिया डिस्ट्रिक्ट, यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. सुनावणी १९ ऑक्टोबरला सुरू झाली, पुन्हा जॅक्सन यांच्यासमोर. सरकारच्या बाजूनं डेव्हिड बॉइस उभे होते.

सरकारनं साक्षीला आणलेले एडवर्ड फेल्टन हे प्रिन्स्टन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. दोन माजी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. विंडोज ९८ वर तो चालवला की एक्सप्लोररनं वेबवर फिरण्याच्या वाटा बंद होत, बाकी विंडोज चालत राही. सामायिक फाइली त्यांनी उडवल्या नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा, की ग्राहकाच्या दृष्टीनं वेब पाहण्याची क्षमता गेली म्हणजे ब्राउझर गेला, डिस्कवर किती बाइट उरले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मायक्रोसॉफ्टच्या वकिलानं उलटतपासणीत आडवाटेच्या खटपटी करून वेबवर अजूनही पोचता येतं हे दाखवायचा प्रयत्न केला. फेल्टन डगमगले नाहीत.

फेल्टनना खोटं पाडण्याची कामगिरी ऑल्चिन यांच्यावर आली. फेब्रुवारी १९९९ च्या पहिल्या आठवड्यात ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते आणि न्यायालयात त्यांची चित्रफीत लावली होती. फेल्टन यांचा प्रोग्रॅम चालवल्यावर विंडोज कसं रेंगाळतं, हे निवेदक समजावून सांगत होता. बॉइस यांनी चित्रफीत थांबवायला लावली आणि खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. फेल्टन यांचा प्रोग्रॅम चालून गेला की त्या पट्टीवरचा मजकूर बदलतो. पडद्यावर तो बदललेला नव्हता. म्हणजे ज्या संगणकावर एक्सप्लोरर काढल्यामुळे विंडोज मंदावलं असं सांगितलं जात होतं, त्यावर तो काढलेलाच नव्हता? ऑल्चिन यांनी मान्य केलं, चुकीच्या मशीनचं चित्रण झालेलं दिसतं. नंतर खुलासा आला, की मशीन तेच होतं, पण दुसऱ्या प्रोग्रॅमांमुळे रजिस्ट्री बदलली होती. मग डेस्कटॉपवरची चिन्हं मोजली गेली. एकाच संगणकाचं सलग चित्रण म्हणून दाखवलेल्या दृश्यांत ती कमी-जास्त होत होती. अखेर एकाहून अधिक संगणक वापरल्याचं कबूल करावं लागलं. नवे लॅपटॉप विकत आणून, सरकारी निरीक्षकांना शेजारी बसवून, सगळं पुन्हा चित्रित करावं लागलं. तांत्रिक मुद्दा काय होता ते त्यानंतर फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पट्टीवरचे ते शब्द राहिले.

५ नोव्हेंबर १९९९ ला जॅक्सन यांनी वस्तुस्थितीचे निष्कर्ष दिले. विंडोज ९८ मधून एक्सप्लोररची ब्राउझिंगची क्षमता काढता येते हे फेल्टन यांनी सिद्ध केलं, असं त्यात नोंदवलेलं आहे. ७ जून २००० ला कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. तो टिकला नाही. २८ जून २००१ ला अपील न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमतानं दिलेल्या निकालात तुकडे करण्याचा आदेश रद्द झाला, आणि पत्रकारांना मुलाखती देत बसल्याबद्दल जॅक्सन यांनाही प्रकरणातून बाजूला केलं गेलं. खटला चालू असताना न्यायाधीशानं तोंड उघडू नये हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांच्या बाकीच्या कामावर त्यामुळे नाहक पाणी पडलं.

त्याच निकालात दोन बाबी मात्र मायक्रोसॉफ्टच्या विरोधात कायम राहिल्या: अ‍ॅड/रिमूव्हच्या यादीतून एक्सप्लोररचं नाव वगळणं बेकायदा होतं, आणि ब्राउझरची संहिता विंडोजच्या फाइलींत कालवणंही. मदतपुस्तिका आणि विंडोज अपडेट उघडताना ग्राहकानं निवडलेला ब्राउझर डावलणं तेवढं तांत्रिक कारणासाठी चालवून घेतलं गेलं. संहिता कालवण्याच्या मुद्द्याचा फेरविचार करा म्हणून कंपनीनं अर्ज केला, तो ऑगस्टमध्ये फेटाळला गेला.

निकालानंतर दोन आठवड्यांनी, ११ जुलैला, मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की येऊ घातलेल्या विंडोज एक्सपीत एक्सप्लोरर अ‍ॅड/रिमूव्हमध्ये असेल. शब्द पाळला. एक्सपीत त्या यादीत एक्सप्लोरर दिसू लागला, पुढं टिकमार्कचा चौकोन. खाली बारीक अक्षरांत त्या चौकोनाचं काम लिहिलेलं होतं: स्टार्ट मेन्यू आणि डेस्कटॉपवरून एक्सप्लोररकडे जाण्याचा मार्ग जोडणे किंवा काढणे. १९९७ साली वकील जे म्हणत होते, ते आता उत्पादनावर छापून आलं. सरकारशी नवी तडजोड झाली, आणि १ नोव्हेंबर २००२ ला न्यायाधीश कॉलीन कोलार-कोटेली यांनी ती बव्हंशी मान्य केली.

ज्यांना एक्सप्लोरर खरोखर नको होता, ते न्यायालयाची वाट पाहत थांबले नव्हते. शेन ब्रूक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणानं '९८लाइट' लिहिलं. त्याची युक्ती सोपी होती. विंडोज ९८ ची फोल्डर दाखवणारी कवचाची फाइल काढायची, तिच्या जागी विंडोज ९५ ची जुनी बसवायची आणि एक्सप्लोरर उखडून टाकायचा. विंडोज सुरू होई, आणि वर अधिक चपळही चाले. हौशी मंडळींत ते खूप गाजलं. कायद्याच्या इतिहासात त्याला जागा लहान मिळाली, पण 'काढताच येत नाही' या दाव्याची इतकी उघड चेष्टा दुसरी झाली नसेल.

यात नेटस्केपचं काय झालं, तर ते हरलं. १९९८ च्या सुरुवातीला त्यांनी ब्राउझर फुकट केला, संहिता खुली केली आणि त्यातून मोझिला जन्मला. वर्षअखेरीला कंपनी एओएलला विकायचं ठरलं. १ मार्च २००८ ला नेटस्केपचा आधारही बंद झाला. न्यायालयानं बेकायदा ठरवलेल्या गोष्टीचा फायदा ज्याला मिळायचा त्याला मिळून चुकला होता.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण घरोघरी संगणक पोचायला लागले तेव्हा हे युद्ध संपत आलं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या मशीनवर विंडोज ९८ असायचं आणि निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट, अशी बहुतेकांची समजूत होती. मराठी वाचणाऱ्यांना तर तो काढून चालणारच नव्हतं. युनिकोड रुळण्यापूर्वी वृत्तपत्रं आपापले फाँट वापरत, आणि वाचकाच्या संगणकावर फाँट आपोआप उतरवण्याची जी सोय बऱ्याच संकेतस्थळांनी घेतली होती, ती एक्सप्लोररमध्येच चाले. दुसऱ्या ब्राउझरात तेच पान उघडलं की बातमीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. पुढं सरकारी निविदा आणि डिजिटल सह्यांची पानंही एक्सप्लोररवरच अडून राहिली. अनेक कचेऱ्यांत त्या एका कामासाठी एक जुना संगणक जपून ठेवलेला असे, आणि त्याला कोणी हात लावू नये म्हणून वर कागद चिकटवलेला असे.

युरोपनं हा विषय सोडला नाही. ब्राउझर निवडण्याची खिडकी दाखवण्याचं वचन मायक्रोसॉफ्टनं २००९ च्या डिसेंबरात युरोपियन आयोगाला दिलं. विंडोज ७ च्या एका सुधारित आवृत्तीत ती खिडकी चौदा महिने उगवलीच नाही. तांत्रिक चूक, असं कंपनी म्हणाली. ६ मार्च २०१३ ला ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला.

१५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर अधिकृतपणे निवृत्त झाला. त्याची पानं रंगवणारी 'एमएसएचटीएमएल' फाइल विंडोजमध्ये आजही आहे, कारण जुने प्रोग्रॅम तिच्यावाचून चालत नाहीत. त्याच्या जागी आलेला 'एज'ही तसाच विंडोजला चिकटून आला, आणि सेटिंग्जमध्ये त्याच्यासमोर अनइन्स्टॉलचं बटण कामाचं नसे. मग युरोपियन संघाचा डिजिटल बाजारांविषयीचा कायदा लागू झाला आणि मार्च २०२४ पासून तिथल्या ग्राहकांना एज काढता येऊ लागला. फक्त तिथल्याच. संगणक युरोपातला आहे की नाही हे विंडोज पहिल्या सेटअपच्या वेळी निवडलेल्या प्रदेशावरून ठरवतं. पुण्यात बसून भारत निवडलात तर बटण मिळत नाही. म्हणून काही खटपटी लोक विंडोज नव्यानं टाकताना देशांच्या यादीत खाली सरकत जातात आणि आयर्लंड निवडतात.